मुक्कामी की हंगामी?

सासूबाई ट्रंक घेऊन आमच्या गिरगावच्या खोलीत शिरत होत्या आणि शेजारचे टिपणीस गॅलरीतून मला विचारत होते, "मुक्कामी की हंगामी?" सासूबाईंनी ते ऐकलं. पुढचे आठ दिवस त्या माझ्याशी गरजेपुरतंच बोलल्या.

प्रश्न मुळात वटवाघळांचा. कोणत्या झाडावर ती बारा महिने राहतात आणि कुठे फक्त फळांच्या दिवसांत येतात, याची टिपणीस पाहणी करत. ही पाहणी त्यांना कोणीही सांगितली नव्हती. माणूस माझगावच्या गोदीत कारकून. बायको वारलेली. एकुलती एक मुलगी सुशीला त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून बेळगावला गेली, तेव्हापासून त्यांनी तिचं नाव टाकलेलं. चाळीत तिचा विषय काढायची कोणाची छाती नव्हती.

शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा, सगळी चाळ तिकडे, आणि मी संध्याकाळी टिपणिसांबरोबर परळला एका वडाखाली मान वर करून उभा. वरळीकडे उडणारी वटवाघळं मी मोजायची, बाकीची त्यांनी. दीडशेपर्यंत पोचलो आणि धुतलेल्या शर्टावर वरून प्रसाद पडला. आकडा विसरलो. टिपणिसांनी शर्टाकडे पाहिलंसुद्धा नाही. उद्या पुन्हा यावं लागेल, एवढंच म्हणाले.

त्यांच्या भिंतीवर नकाशा होता, कारवार-बेळगावपासून नागपूरपर्यंत वटवाघळांच्या झाडांचे तांबडे ठिपके. त्या दिवसांत असा नकाशा म्हणजे आफतच. हवालदार आला आणि मला साथीदार समजून दोघांनाही चौकीवर घेऊन गेला. तिथे टिपणिसांनी दोन तास वटवाघळं सांगितली. शेवटी हवालदार आपल्या गावच्या चिंचेवरची मोजून कळवायला कबूल झाला. माझा मात्र कचेरीत खाडा झाला.

गावोगावच्या ओळखीच्यांना ते प्रश्नांची कार्डं धाडत. उत्तर सहसा कोणी देत नसे. बेळगावचं मात्र दर महिन्याला यायचं, त्यावर नुसता आकडा.

"बेळगावचे निरीक्षक फार चोख," टिपणीस मला ऐकवत.

निरीक्षकांचं अक्षर मी ओळखत होतो. सुशीलेची शाळेतली गणितं मीच तपासायचो.

मग दोन महिने ते कार्ड आलं नाही. टिपणीस पोस्टमनला जिन्यातच गाठू लागले. सासूबाई पुन्हा आल्या, तरी टिपणिसांनी 'मुक्कामी की हंगामी' विचारलं नाही. तेव्हा मात्र मला खरोखरच काळजी वाटली.

दिवाळीच्या तोंडावर टिपणीस बेळगावचं कार्ड घेऊन माझ्या दारात उभे राहिले. त्यावर लिहिलं होतं, 'वडावर एकही नाही. दिवाळीला येऊ का?'

"उत्तर काय लिहू?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं गावोगाव प्रश्न धाडणाऱ्या माणसाला एवढं उत्तर सुचू नये, याचा मला संताप आला.

"अहो, 'ये' म्हणून लिहा. त्यात काय विचारायचं?"

माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी ते लिहिलं. मग टाक पुन्हा दौतीत बुडवून आणखी काहीतरी लिहिलं आणि कार्ड माझ्याकडे दिलं. पेटीत टाकायलाही मीच जायचं होतं.

जिन्यात मी ते वाचलं. 'ये'च्या खाली त्यांनी लिहिलं होतं, 'जावयांनाही आण. किती दिवस, ते विचारत नाही.'