दोषांसकट रसग्रहण

सभागृहात खुर्च्या चाळीस होत्या, माणसे एकतीस आणि हशे त्रेसष्ट. हशे मी प्रयोगशाळेतल्या बटण दाबून मोजायच्या यंत्रावर मोजले. एरवी त्यावर जीवाणूंच्या वसाहती मोजतो. (मध्ये एकदा जांभईला बटण दाबले गेले, ते वजा केले आहे.)

दुसऱ्याच्या संसारातली लबाडी देखण्या माणसांकडून, चांगल्या उजेडात करवून घेतली की तिला अभिजात प्रेमविनोद म्हणतात. आमच्या चित्रपट मंडळाने दाखवलेल्या जुन्या चित्रपटात नायक दातांचा डॉक्टर आहे. तो बायकोला तीनदा फसवतो, दर वेळी आधीपेक्षा झकास कोट घालून. चौऱ्याण्णवाव्या मिनिटाला बायको त्याला माफ करते. प्रेक्षकांनी बाविसाव्यालाच करून टाकले होते.

नंतरचे रसग्रहण माझ्याकडे होते. मी चाळीस मिनिटे बोललो. "निर्दोष माणसावर कोणीही प्रेम करेल. दोषांसकट करता आलं पाहिजे!" हे वाक्य लोकांना आवडलेले दिसले, म्हणून दोनदा घेतले. पहिल्या रांगेत, दोन महिन्यांनी जिच्याशी माझे लग्न आहे, ती बसली होती. सर्वांत जास्त वेळ टाळ्या तिनेच वाजवल्या (नऊ सेकंद).

बसथांब्यावर ती म्हणाली, "अरे, मागच्या महिन्यात मी मावशीकडे गेलेच नव्हते. कॉलेजातला तो होता ना, त्याच्याबरोबर कॉफी प्यायले."

"मग आत्ता का सांगतेस?"

"आत्ताच म्हणालास ना, दोषांसकट! म्हटलं, यादी अर्धवट नको."

मी अत्यंत समंजसपणे चौदाच प्रश्न काढले. अकराव्याला (टेबल केवढे होते?) तिने हात वर केला.

"त्या डॉक्टरला एक तरी प्रश्न विचारलास का रे? लग्न करायचंय की नाही ते ठरव, आणि मग फोन कर." बस आली, ती गेली.

आता 'नुसती कॉफीच ना?' असे ज्या वाचकांच्या मनात येऊन गेले, त्यांनीही प्रामाणिकपणे हात वर करावा. डॉक्टरच्या तीन प्रकरणांत नेमके काय काय झाले, हे तुम्हीही विचारलेले नाही.

चार दिवस मी फोन हातात धरून विचार केला. पाचव्या दिवशी मोजपट्टी घेऊन त्या कॉफीच्या दुकानात गेलो.

टेबलाची रुंदी अठ्ठावन्न सेंटीमीटर आहे.