कठड्यापर्यंतचं धरा!

भावजी नाल्यात पडले होते. कमरेपर्यंत काळं पाणी, एक पाय भलतीकडेच वळलेला, सायकल अंगावर. आणि ते वर बघून ओरडत होते, "टेकचंद, कठड्यापर्यंतचं धरा! पडलेलं धरू नका!"

मी भाजी घेऊन येत होते. बदलापुरात खरवईला आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोरच हा नाला आहे. मी वाकून विचारलं, "भावजी, आधी जिवंत आहात का ते सांगा."

"वहिनी, चाक फिरतंय का बघा."

हे माझे धाकटे दीर. आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात राहतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि सगळी नोकरी बदलापूरहून सायकलने जाऊन-येऊन केली. लोक "कसं काय" विचारतात, भावजी "चाक फिरतंय ना?" विचारतात. सायकलवरून उतरणं त्यांच्या जिवावर येतं. दूधवाल्याशी बोलतील, डॉक्टरशी बोलतील, ते एक पाय पायरीवर टेकवून, सीटवर बसूनच. एकदा मयताच्या दारातही तसेच उभे राहिले. मी डोळे वटारले तेव्हा उतरले.

वरून बघत होते ते टेकचंदशेठ. उल्हासनगरचे सिंधी. आता दुकान मुलं बघतात, पण तरुणपणी सायकलच्या कॅरिअरला कंगवे, बटणं, झिपा बांधून पार बदलापूरपर्यंत विकत यायचे. भावजींची आणि त्यांची ओळख भांडणातून झाली. उल्हासनगरात सायकलच्या सामानाच्या दुकानात चामड्याची एकच सीट उरली होती, ती दोघांनी दोन बाजूंनी धरली. आयुष्यात जास्त सायकल मारली कोणी, यावरून जुंपली. मागचं मोजायला कोणी नव्हतं, म्हणून पुढचं मोजायचं ठरलं. या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत जो जास्त चालवेल त्याचा विक्रम. सीट दुकानदाराने काढून ठेवायची, जिंकेल त्याला द्यायची.

"विक्रम लिहून कोण घेणार?" मी विचारलं.

"लिहून कशाला? आम्ही दोघं आहोत ना."

नियम दोन. रोज चालवायची, एक दिवस चुकला की बाद. आणि दुसऱ्याने डोळ्यांनी बघितलेलंच धरायचं, कारण दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. मग काय, सकाळी दोघं अंबरनाथला शिवमंदिराजवळ भेटायचे. तिथपर्यंत आलेलं कोणी बघितलेलं नसायचं, ते फुकट. तिथून जोडीने उल्हासनगर, परत अंबरनाथ, बदलापूर, जांभूळ गाव, परत अंबरनाथ. एक थांबला की दुसराही थांबणार, एकाने लघवीला जायचं म्हटलं तरी दुसऱ्याने त्याच्या सायकलच्या मीटरवर नजर ठेवायची.

मी चौथी शिकलेली. महिनाभर बघितलं आणि म्हटलं, "भावजी, दोघं बरोबर जाता, बरोबर येता. मग दोघांचा आकडा सारखाच येणार की."

भावजींनी घास तोंडाजवळ तसाच धरला. मग म्हणाले, "वहिनी, तुम्हाला स्पर्धेतलं कळत नाही."

पण कळलं त्यांनाही होतं. त्यानंतर जिंकायचा रस्ता एकच उरला, दुसरा आजारी पडायला हवा. रोज सकाळी टेकचंदशेठ भावजींना मोठ्या आशेने विचारायचे, "नाना साईं, चेहरा उतरला आहे. बुखार तो नहीं?" भावजी म्हणायचे, "तुम्ही खोकताय ते बघा. घरी पडून राहा आज." पावसाळ्यात दोघं रेनकोट घालून शिंकत गेले. दिवाळीत फराळाचा डबा बांधून गेले. एकदा शेठच्या घरी लग्न होतं, तर नवरदेवाचा आजोबा वरातीच्या पुढे सायकलवर, आणि बाजूला आमचे भावजी.

असं करत फाल्गुन लागला. पाडवा महिन्यावर आला आणि भावजी नाल्यात पडले. कसे पडले? पुढे बघायचं सोडून मागे बघत होते, शेठ खरंच पायडल मारतायत की उतारावर फुकट येतायत ते. समोरून उलट्या बाजूने मोटरसायकलवाला आला.

शेठनी पांढऱ्या कपड्यांनिशी उडी टाकली. त्यांना पोहता येत नाही. त्या पाण्यात पोहायची गरजच नव्हती, पण उडी मारताना ते त्यांच्या डोक्यात कुठे आलं?

पाय मोडला होता. डॉक्टरने प्लास्टर घालून संध्याकाळी घरी सोडलं. भावजी शेठना म्हणाले, "संपलं. तुम्ही जिंकलात. जा."

"कैसे जीता? अजून महिना आहे. आणि आपने देखा नहीं तो गिनेगा कौन?"

भावजी भिंतीकडे तोंड करून झोपले.

ती भिंत माझ्या ओळखीची आहे. आमची जाऊ सुमन गेली, त्यानंतर भावजी कित्येक महिने असेच भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवण ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. या विक्रमाच्या खुळापायी ते थांबलं होतं. म्हणून तर वर्षभर मी त्यांना पहाटे भाकरी बांधून दिली. सायकलीचं मला काय कौतुक?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली घंटी वाजली. शेठ उल्हासनगरहून एकटे आले होते. ते सगळं फुकट, कारण कोणी बघितलं नव्हतं. आता ते आमच्या बिल्डिंगला गोल गोल फेऱ्या मारू लागले. प्रत्येक फेरीला भावजींच्या खिडकीखाली घंटी. वर भावजी भिंतीकडे तोंड करून.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरची सून ओरडली, "काका, चक्कर येऊन पडाल!"

"गिरने का काम नाना का है, बेटा," शेठ म्हणाले आणि पुढे गेले.

मी पाणी घेऊन खाली गेले. म्हटलं, "मी बघतेय ना, माझं धरा."

"नहीं अदी. आपका नहीं चलेगा. नियम आहे." मला ते सिंधीत अदी म्हणतात, म्हणजे ताई. शेठनी पाणी प्यायलं, वर खिडकीकडे बघितलं. "एक बार देख ले, बस. नहीं तो आज गेला. पूरा साल गेला."

मी वर आले. समजूत घालत बसले नाही, तो माझा स्वभाव नाही. कुकर लावला. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. खाली चाक फिरत होतं, आता त्यातून कर्र कर्र आवाज यायला लागला होता.

तीन-चार फेऱ्या तो आवाज आला. मग खाटेवरून भावजी म्हणाले, "मागच्या चाकाला तेल नाही. गाढव आहे."

मी कुकर उतरवला.

"वहिनी, खाट खिडकीला लावा. काय करतोय तो माणूस बघू दे."

मी खाट ओढली. माझी कंबर अजून दुखते. भावजी गजाला धरून उठून बसले आणि खाली ओरडले, "अहो, सीट खाली घ्या! आणि सकाळपासूनचं धरणार नाही! हे आत्ताचं धरतो!"

"बेईमान!" खालून शेठ ओरडले. एवढं खूश मी त्यांना नातवाच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

पाडव्यापर्यंत भावजी रोज उजाडल्यापासून खिडकीत. डोळा लागला तर शेठ घंटी वाजवून उठवायचे. पाडव्याला मी गुढी उभारली, भावजींनी वरून हात केला. "बास! झालं. जिंकलात. उतरा आता."

शेठ उतरले नाहीत. एक पाय पायरीवर टेकवून, सीटवर बसूनच वर बघत राहिले. भावजींची ही खोड त्यांना कधी लागली कोण जाणे. म्हणाले, "उतर के क्या करूँ, नाना? घर जाऊँ?"

भावजी खिडकीच्या गजांना धरून जरा पुढे वाकले. मग म्हणाले, "ती सीट घेऊन या. मी बसवून देतो. तुम्ही वाकडीच बसवाल."

सीट बसवली. शेठ म्हणतात, वाकडीच बसली आहे, मुद्दाम. आता भावजी नव्या सायकलवर आहेत, सकाळी दोघं परत अंबरनाथला भेटतात, आणि काय मोजतात ते मी विचारत नाही.

नाल्यात भावजींची जुनी सायकल गेली, शेठची एक चप्पल गेली. माणसं दोन्ही वाचली.