जयवंतकाकांचा दुसरा ब्रश

तुमच्या दाढीच्या ब्रशचे केस कोणाचे आहेत?

उत्तर येत नसेल तर लाजू नका. रत्नागिरीत हा प्रश्न बँकेच्या साहेबांना विचारून झालाय, आंब्याच्या दलालांना विचारून झालाय, आणि माझ्या चुलतभावाला तर लग्नाच्या दिवशी, मुहूर्ताला पाऊण तास उरलेला असताना विचारला गेलाय. एकालाही उत्तर देता आलेलं नाही.

विचारणारे आमचे शेजारी, जयवंतकाका. अडतीस वर्षं ते मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे म्होरके. तांडेल बोलला की खलाशांनी ऐकायचं, समुद्रानेही शक्यतो ऐकायचं. गुडघ्यांनी काम सोडल्यापासून ते मिरकरवाड्याच्या जेटीवर सावलीला बसून जाळी दुरुस्त करतात. पण आवाज अजून तांडेलाचाच आहे. लग्नाच्या मांडवामागे प्रमोद सलूनवाला नवऱ्या मुलाच्या गालांना फेस लावत होता, तिथे काका येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "थांब."

प्रमोदचा हात थांबला.

"ब्रशचे केस कोणाचे?"

"काका, मुहूर्त बारा-बत्तीसचा आहे."

"मुहूर्त लग्नाचा आहे, दाढीचा नाय. आण इकडे."

काकांनी ब्रशातला एक केस उपटला, शर्टाच्या बाहीला पुसून कोरडा केला आणि खिशातून काडेपेटी काढली. काका विडी ओढत नाहीत. काडेपेटी फक्त या तपासणीसाठी असते. ही युक्ती जाळ्यांच्या धंद्यातली आहे. बाजारात धागा घेताना टोक पेटवून बघायचं. नायलॉन असेल तर वितळून मणी होतो, दुसरं काही असेल तर राख होते. ब्रशाचा केस जळाला, राख झाली आणि मांडवामागे केस जळल्याचा वास सुटला.

"जनावर," काकांनी निकाल दिला. "डुक्कर असणार. धू त्याचं तोंड."

तोंड धुतलं गेलं. मग खोबरेल तेलाच्या साबणाने, बोटांनी फेस काढून दाढी झाली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत माझ्या भावाच्या डाव्या कानात फेस आहे. वहिनी अजून काकांशी बोलत नाही. प्रमोद बोलतो, पण त्याचं दुःख वेगळं आहे. "दर आठवड्याला एक केस नेतात," तो म्हणतो. "माझा ब्रश टकला होत चाललाय."

हे खूळ काकांच्या डोक्यात कोणी भरवलं? मी. अभिमानाने सांगत होतो, आत्ताआत्तापर्यंत.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे आधी आले आणि मी नंतर. आई-बाबा दोघेही चळवळीतले. मी बाराखडी गिरवली ती मोर्च्याच्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. त्यामुळे कॉलेजात असताना जगातला एक अन्याय मला नव्याने कळला, तेव्हा मी दुसरं काय करणार? पत्रक काढलं. दाढीच्या सामानासाठी जनावरांचे हाल का, असा सवाल होता. ब्रश डुकराच्या नाहीतर बिज्जू नावाच्या रानटी जनावराच्या केसांचे, साबणात जनावराची चरबी, क्रीममध्ये मेंढीच्या लोकरीचं मेण, आणि हे सगळं माणसाच्या गालाला लागण्याआधी कुठेतरी सशाच्या डोळ्यांत घालून बघितलेलं. शेवटी ठळक अक्षरांत: सशाचं चित्र असलेलीच वस्तू घ्या.

पत्रकं वाटायला माझ्याबरोबर सुयोग होता. सुयोग काकांचा एकुलता मुलगा, माझ्याच वर्गातला. आम्ही दोघांनी बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, पार आरे-वारेच्या किनाऱ्यावरच्या पर्यटकांपर्यंत पत्रकं वाटली. लोकांनी त्यात भेळ खाल्ली. पुढे काही दिवसांतच सुयोग बापाशी भांडून मुंबईला गेला, तो चार वर्षं झाली, आलेला नाही. गणपतीला नाही, शिमग्याला नाही. भांडण कशावरून झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. पोराला बोटीवर जायचं नसेल, असं मी धरून चाललो होतो.

आणि तो गेल्यावर दोनेक महिन्यांनी काका गडग्याशी आले. आमच्या आणि त्यांच्या अंगणांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी भिंत, आहे. त्यावर आरसा टेकवून काका रोज सकाळी दाढी करतात. त्यांच्या हातात माझं पत्रक होतं, चार घड्या पडलेलं.

"हे तूच लिहिलंस ना? समजावून सांग."

मला आकाश ठेंगणं झालं. माझ्या पत्रकाने आजवर बदललेला हा पहिला माणूस.

समजावून सांगितलं, पण चुकलं माझंच. सशाचं चित्र म्हणजे जनावरांवर चाचणी न केल्याची वेष्टनावरची छोटी खूण, हे पत्रकात नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. काका दुकानात गेले आणि ससा शोधून घेऊन आले. चार दिवस त्या फेसाने दाढी केली. पाचव्या दिवशी काकी गडग्यावरून मला म्हणाली, "बघ रे जरा, ह्यांच्या तोंडाला गोळ्या-चॉकलेटांचा वास येतो."

ती लहान मुलांची दात घासायची पेस्ट होती. स्ट्रॉबेरीची. नळीवर दोन पायांवर उभा राहून हसणारा ससा.

"तरीच गाल थंड पडायचे," काका म्हणाले. "पण वाईट नव्हती हो."

त्यानंतर त्यांनी भिंग घेतलं. दुकानात उभं राहून नळीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची आणि दुकानदाराची उलटतपासणी घ्यायची. "हे ग्लिसरीन कुठलं? झाडाचं की जनावराचं?" स्थळ बघायला गेल्यासारखी चौकशी. कूळ काय, गाव काय, आजोळ कुठलं. दुकानदार म्हणायचा, काका, मला फक्त किंमत ठाऊक. मग काकांनी नळीवरचा फोन नंबर लावला. पलीकडे एक मुलगी. काकांचं हिंदी जेटीवर परप्रांतीय खलाशांकडून शिकलेलं.

"देखो बाय, खोटा मत बोलो. ससे के आंख में डालता है क्या तुम लोग?"

मुलगी आधी पाठ केलेलं बोलली. मग म्हणाली, "अंकल, मुझे सच में नहीं पता. पूछ के बताती हूँ." आणि खरंच, आठ दिवसांनी तिने स्वतःच्या फोनवरून फोन केला. विचारलं, पण कोणी सांगत नाही म्हणाली.

"बताता नहीं, मतलब डालता है," काका म्हणाले आणि ती क्रीम त्यांच्या यादीतून गेली. मी गडग्याच्या अलीकडे ऐकत होतो. मला वाटलं आता फोन ठेवतील. पण ते विचारत होते, "तेरा बाप किधर रहता है? उसको फोन करती है क्या?"

हे मी ऐकलं, आणि त्याचा अर्थ लावला नाही. मला मुद्दे ऐकायची सवय होती.

अखेर दुकानांचा नाद सोडून काकांनी स्वतःचंच सगळं जमवलं. साबण खोबरेल तेलाचा, बचत गटातल्या बायका करतात तो. त्या साबण करतात तेव्हा काका दोनदा समोर बसून आले. कापलं तर तुरटी. नंतर गालाला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप. आमच्याकडे टाचांच्या भेगांना लावतात, तेच. "माझ्या आजीच्या फडताळात होतं सगळं," काका म्हणाले. "आपण मेले जगभर शोधत बसलो."

ब्रश मात्र आजीच्या फडताळात नव्हता. तो त्यांनी विणला. पहिला जाळ्याच्या दोऱ्याचा केला, त्याने गाल असे सोलले की मांजराशी झटापट झाल्यासारखे दिसत होते. मग त्यांनी बोटीचा जुना नायलॉनचा दोर घेतला, त्याचे पीळ सोडवले, पिळांचे धागे सोडवले, धाग्यांतला केसाएवढा तंतू वेगळा केला. महिनाभर जेटीवर हेच. बाकीचे विचारायचे, तांडेल, कसला मासा पकडायचाय ह्या जाळ्यात? शेवटी निळा, मऊ झुबका झाला. तो गाठ मारून जाळ्याच्या जुन्या बोयात बसवला. बोया म्हणजे जाळं तरंगत ठेवायला बांधतात तो गोळा, त्याची मूठ झाली.

अशा काकांच्या ताटात रोज दुपारी बांगडा असतो. हे मला सहन होणं शक्य नव्हतं. अर्ध्या वाटेवर थांबणारी माणसं माझ्या लेखी आलेलीच नसायची. एकदा मी गडग्यावरून टोचलं, "काका, दाढी अहिंसक आणि जेवण?"

काकांनी वस्तरा पुसला. "बांगडा मी मारला तर मला ठाऊक असतं. अडतीस वर्षं माझ्या हातानं मारलाय, त्याला मी जबाबदार. पण हे तोंडाला फासत होतो ते कोणी, कुठे, कसं मारलंन, मला पत्ता नाय. तसलं नको."

"म्हणजे अर्धंच."

"अर्धं तर अर्धं. तू किती आलास कोणासाठी?"

मी घरात जाऊन या उत्तरावर एक पत्रक लिहायला घेतलं. पूर्ण झालं नाही.

यंदाच्या नारळी पौर्णिमेला सकाळी अंगणात आलो, तर काका गडग्याशी होते. दाढी झालेली. गाल भिरंडेलाने चकाकत होते. पण आरसा अजून तिथेच होता, आणि त्यासमोर एक रिकामी खुर्ची मांडली होती. खुर्चीच्या पाठीवर धुतलेला पंचा. गडग्यावर दुसऱ्या वाटीत कढत पाणी. आणि खिडकीच्या खिळ्याला काकांच्या ब्रशाशेजारी दुसरा एक निळा ब्रश टांगलेला. कोरा. अजून पाणी न लागलेला.

"कोण येणारेय?" मी विचारलं.

काकांनी खुर्चीवरचा पंचा सरळ केला. काकी ओटीवर नारळ सोलत होती, तीच बोलली. तांडेलाच्या घरची रीत आहे, म्हणाली. नारळी पौर्णिमेला बापाने मुलाची दाढी करायची, मग दोघांनी नारळ घेऊन बंदरावर जायचं. काकांची त्यांच्या वडिलांनी केली. ब्रशही वडिलांचाच, मुंबईहून आणलेला, डुकराच्या केसांचा. चार वर्षांपूर्वी काकांनी त्याच ब्रशाने सुयोगच्या गालाला फेस लावायला घेतला, तेव्हा सुयोगने तोंड फिरवलं.

"आणि तुझं पत्रक काढून वाचून दाखवलंन," काकी म्हणाली. "सगळं. खालच्या ठळक अक्षरांसकट."

मी गडग्याचा चिरा धरून उभा राहिलो.

"मग मी बोललो," काका म्हणाले. "म्हटलं, ह्याच हातानं तुला भरवलंय. तर म्हणाला, त्या हाताला मरणाचा वास येतो."

तेवढंच. सुयोग दुपारच्या गाडीने गेला. आईला अधूनमधून फोन करतो, बाबांचं नाव निघालं की ठेवतो. कुठे राहतो ते तिलाही सांगत नाही.

वाटीतल्या पाण्याची वाफ कमी होत होती. मी म्हणालो, "काका, माझी करा दाढी. मी बसतो."

"तुझी तुझ्या बापाकडून करून घे," काका शांतपणे म्हणाले. "ही खुर्ची रिकामी नाय."

मग ते गडग्याजवळ आले आणि उजवा हात माझ्यासमोर धरला.

"हुंगून बघ. येतो काय रे अजून?"

मी हुंगला. आधी खोबरेल साबणाचा वास आला. मग भिरंडेलाचा. आणि त्याच्याखाली, खोल, बंदराचा, जाळ्याचा, माशाचा.

"येतो," मी म्हणालो.

काकांनी हात मागे घेतला, स्वतः हुंगला आणि मान हलवली. "येणारच. जन्माचा आहे तो, जाणार कुठे." मग खिळ्यावरच्या ब्रशाकडे बघून म्हणाले, "तेवढा वास सोडून बाकी सगळं बदललंय म्हणावं. भेटला कुठे, तर सांग."

मी सांगायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. त्याच दुपारी सुयोगला फोनवर निरोप लिहिला. लिहिता लिहिता त्यात तीन मुद्दे आणि दोन मागण्या झाल्या, शेवटच्या ओळी ठळक झाल्या. त्याने मला ब्लॉक केलं. पत्रक ओळखायला तो माझ्याबरोबरच शिकलाय.

म्हणून हे तुम्हाला सांगतोय. तुम्ही मुंबईत, ठाण्यात, कुठल्याही सलूनमध्ये बसलेले असाल आणि शेजारच्या खुर्चीतला पोरगा फेस लावून घेण्याआधी विचारेल की ब्रशचे केस कोणाचे, तर तो सुयोग. त्याच्याशी वाद घालू नका, मुद्दे मांडू नका. फक्त सांगा, की घरी खिडकीला एक निळा ब्रश टांगलाय, नायलॉनचा, तुझ्या बापाने काडी लावून तपासलेला. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायचीही गरज नाही. आणि त्याला त्या खुर्चीतून तसंच उठवा, दाढी न करता.