पंचविसावा अभिप्राय

बसवनगुडीतील स्नेहवर्धिनी सभेचे सभागृह कार्यक्रमासाठी हवे असल्यास अर्जासोबत पंचवीस सभासद श्रोत्यांचे लेखी अभिप्राय जोडावे लागतात. अध्यक्षांच्या साठीशांतीला एक गायक पावणेचार तास गायले, त्यानंतर हा नियम करण्यात आला. तो भजनी मंडळाला लागू आहे, तसाच अभिराजलाही.

अभिराज आनेकलच्या एका कारखान्यात प्रेसवर दाबून निघालेले पत्र्याचे भाग तपासतो. तिथल्याच आवाजांतून त्याने एक इलेक्ट्रॉनिक अल्बम केला. सहा तुकडे, एकेचाळीस मिनिटे. शब्द नाहीत, चाल नाही. एक खोल घरघर आणि दर नऊ सेकंदांनी प्रेसचा एक ठोका. एका संगीत महोत्सवासाठी कलाकार निवडणाऱ्या भार्गवी तो प्रत्यक्ष वाजताना ऐकायला रविवारी येणार होत्या. दुसऱ्याच दिवशी त्यांची यादी बंद होणार होती. सहा कॅफेंनी ‘गिऱ्हाईक उठून जाईल’ असे कळवले होते. उरले होते हे सभागृह.

कार्यवाह सुब्बाराव यांनी त्याला छापील नमुने दिले. रकाने पाच: भाव, ताल, संदेश, कुटुंबासह ऐकण्यास योग्य काय, आणि उपाहाराबाबत सूचना.

अभिराजने सोमवारी सकाळी नऊ वाजता सभेच्या ग्रुपवर अल्बम टाकला. पहिला अभिप्राय नऊ वाजून दोन मिनिटांनी आला: ‘अप्रतिम! शेवटपर्यंत खिळवून ठेवले.’ संध्याकाळपर्यंत एकोणीस जण खिळले होते. ताल या रकान्यात अकरा जणांनी तीनताल लिहिले.

सुब्बारावांनी हरकत घेतली. “सगळी स्तुतीच? ऑडिटला बरं दिसत नाही. स्वल्प टीका पण पाहिजे.”

टीकाही तितक्याच तत्परतेने आली. सुनंदाबाईंनी लिहिले, ‘हल्लीच्या पिढीला सतत गोंगाट लागतो. दोन ठोक्यांत जरा जागा सोडावी.’ सर्जापूर रोडच्या रक्षिताने लिहिले, ‘व्हाइब डार्क आहे, पण मिनिमल म्हणून फारच भरगच्च वाटलं. अजून काहीतरी कमी हवं होतं.’ ‘कुटुंबासह योग्य काय’ यापुढे एकाने ‘होय, वेगवेगळ्या खोल्यांत’ असा खुलासा केला.

शुक्रवारपर्यंत चोवीस अभिप्राय मंजूर झाले. शनिवारी संध्याकाळी, कार्यालय बंद व्हायला तासभर उरला असता, पंचविसावा घेऊन स्वतः व्यंकोजीअण्णा आले. ते अभिराजच्याच कारखान्यात सव्वीस वर्षे प्रेस चालवतात आणि सभेचे जुने सभासद आहेत. पाची रकान्यांवर आडवे लिहिलेला त्यांचा अभिप्राय सुब्बारावांनी मोठ्याने वाचला:

‘चौथ्या तुकड्यात सहाव्या मिनिटाला प्रेसचा क्लच घसरतो आहे. आमच्या प्रेसवरच्या मुकुलचं बोट गेलं, त्याच्या आधी आठवडाभर हा असाच वाजत होता. ऐकताना माझे दोन्ही हात आपोआप मागे आले.’

तो आवाज अभिराजने त्याच आठवड्यात टिपला होता.

“यात मत कुठं आहे, अण्णा?” सुब्बारावांनी विचारले.

“हेच की मत.”

“चांगलं का वाईट?”

“खरं आहे.”

“खरं असा रकाना नाही. आणि ही तर यंत्राची तक्रार झाली. कारखान्यात द्या.”

“दिली. ह्याचा हाच तुकडा ऐकवला साहेबांना. ते म्हणाले, हे संगीत आहे, तुमच्या सभेत न्या.”

सुब्बारावांनी चष्मा पुसला. “तुम्ही सगळं ऐकलंत?”

“दोनदा. बन्नेरघट्टा रोडला बस हलेना.”

“मग सगळंच अवघड झालं.” त्यांनी नियमावली उघडली. “श्रोता निष्पक्ष पाहिजे, असं कलम आहे. तुमचे हात मागे आले, म्हणजे तुमच्यावर परिणाम झाला. परिणाम झालेल्या माणसाचं मत निष्पक्ष कसं धरू?”

“आणि बाकीचे चोवीस?” अभिराजने विचारले.

“त्यांच्यावर काहीएक परिणाम झालेला नाही. मी एकेकाला फोन करून खात्री केलीय.”

“मग तुमचाच घ्या ना पंचविसावा! उद्या भार्गवी येणार आहेत, सुब्बाराव.”

“‘सरी, चालेल’ म्हटलं असतं रे. पण मघाशी तू फोनवर बारा सेकंद वाजवून दाखवलंस, आणि मी दचकलो.” सुब्बारावांना खरोखरच वाईट वाटत होते. “मी पण बाद.”

व्यंकोजीअण्णांनी आपला कागद परत मागितला. तो मिळाला नाही. अपात्र अभिप्राय दप्तरी ठेवण्याची पद्धत आहे.

उमद्या कलाकाराचे नुकसान होऊ नये म्हणून कार्यवाहांनी आपल्या अधिकारात सभासदत्वाची अट शिथिल केली आहे. आता फक्त एक असा श्रोता हवा, ज्याने अल्बममधला एकही ठोका ऐकलेला नाही, आणि तरी अल्बम कसा आहे याबद्दल ज्याचे मत पक्के आहे. वाचकहो, आपण इथपर्यंत आलात, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण करता. कार्यालय सातपर्यंत उघडे आहे. उपाहाराचा रकाना कृपया रिकामा सोडू नये.