पांढऱ्या साळुंकीचा खुलासा

एखादी गोष्ट जगात आहे की नाही, हे ती गोष्ट ठरवत नसून तिचा फोटो ठरवतो, हे आता सर्वमान्य आहे. माझ्या भावोजींना मात्र ते उशिरा कळलं. भावोजी वजनमाप कार्यालयात निरीक्षक. तेवीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासत आल्यामुळे त्यांना खोटं बोलता येत नाही. (बढतीही मिळालेली नाही.)

एका रविवारी गावाबाहेरच्या जंगलात त्यांना पांढरी साळुंकी दिसली. आख्खी पांढरी, चोच आणि पाय तेवढे पिवळे. ताई म्हणाली, कबुतर असेल. पक्षिमित्र मंडळाच्या ग्रुपवर कळवलं, तर अध्यक्षांनी समज दिली की सभासदांनी पुराव्याशिवाय पक्षी पाहू नयेत.

मग भावोजींनी कॅमेरा घेतला आणि पाच रविवार झुडपात काढले. फलनिष्पत्ती : फांद्यांचे फोटो एकशे चाळीस, शेपटीचे तीन, स्वतःच्या अंगठ्याचे अकरा. सहाव्या रविवारी ती समोर येऊन बसली. चोचीत अळी होती. जवळच्याच ढोलीत पिल्लं होती.

फोटो ग्रुपवर पडला. दहा मिनिटांत एकोणतीस जणांनी तो बनावट ठरवला, सतरा जणांनी कॅमेऱ्याची कंपनी विचारली, चौघांनी शुभ सकाळ म्हटलं. अध्यक्षांनी फक्त जागा विचारली. भावोजींनी ती सांगून टाकली. विचारलं की खरं सांगायचं, ही त्यांची जुनी खोड.

पुढच्या रविवारी ढोलीसमोर त्रेसष्ट निसर्गप्रेमी, दोन शिड्या आणि एक लाउडस्पीकर (शांतता राखण्याच्या सूचनांसाठी) अशी चोख व्यवस्था होती. आड येणाऱ्या फांद्या तोडून झाल्या होत्या. सगळे कॅमेरे ढोलीवर रोखलेले. साळुंकी त्यांच्या पाठीमागच्या झाडात, पानांआड, चोचीत अळी धरून तासभर बसून होती. ती दिसली फक्त भावोजींना, आणि पहिल्यांदाच सोबत आलेल्या ताईला. ढोलीतला चिवचिवाट बारीक होत चालला होता.

"अहो, मरतील ती," ताई हळूच म्हणाली.

भावोजी पुढे गेले आणि त्यांनी माइक हातात घेतला. "फोटो खोटा आहे. साधी साळुंकी होती. मी ती कॉम्प्युटरवर पांढरी केली."

आयुष्यातलं पहिलं खोटं, तेही लाउडस्पीकरवर. गंमत म्हणजे याचा पुरावा कुणीच मागितला नाही. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं. अध्यक्षांनी जागच्या जागी भावोजींचं सभासदत्व रद्द केलं, शिड्या उचलल्या गेल्या, आणि पाऊण तासात जंगल रिकामं झालं. मग साळुंकी सरळ ढोलीत शिरली. भावोजींच्या गळ्यात कॅमेरा होता. त्यांनी हात लावला नाही.

आता बाजारात त्यांना 'रंगारी' म्हणतात. तराजू तपासायला गेले की दुकानदार गालात हसतात. भावोजींना ते लागतं. दोन दिवस जेवण जात नाही. पिल्लं मात्र उडाली. ताईने मोजली : तीन, त्यांतलं एक पांढरं.

हे वाचून सुजाण वाचकांना भावोजींविषयी आदर वाटला असेल, यात शंका नाही. आणि हे नेमकं कुठलं जंगल, हे पाहायला त्यांच्यापैकी काही जण पुन्हा वरपर्यंत जाऊन आले असतील, यातही नाही. त्यांच्या माहितीसाठी : ते नाव चुकून राहिलेलं नाही.