साहेबांच्या अंगणातली बाबागाडी

कार्यक्रम कसा पार पाडायचा हे मला कुणी शिकवू नये. बहारीनमध्ये आमच्या कोकणी मंडळींचं ईद मिलन असो, कुणाचा निकाह असो, नाहीतर अरादच्या मैदानावरचा क्रिकेटचा बक्षीस समारंभ असो, माईक हाशिम मुकादमच्याच हातात असतो. त्यामुळे चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत आमच्या यॉर्गन साहेबांनी 'डेन्मार्कची संध्याकाळ' करायचं ठरवलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. दुसरं बोलावणार कुणाला?

आमची कंपनी बोटींवरची कोल्ड स्टोरेजं दुरुस्त करते. साहेब डेन्मार्कचे, त्यातही जटलंडचे. जटलंड म्हणजे त्यांच्याकडचा कोकणच समजा. वाळू, वारा, मासे आणि हट्टी माणसं. पण ऑफिसातली निम्मी माणसं त्यांना हॉलंडचे समजायची. आमचे अकाउंटंट शैलेंद्र दाते पुण्याचे, म्हणजे सगळं माहीत असलेले. त्यांनी नाताळात साहेबांना पवनचक्की आणि ट्युलिपची फुलं असलेलं कार्ड दिलं आणि वर "तुमच्या मायदेशाची आठवण" असं लिहिलं. साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, सगळ्या स्टाफला बायकामुलांसकट घरी बोलावतो, गावच्या स्लाइड दाखवतो, आमचं जेवण खाऊ घालतो, आणि एकदाचा डेन्मार्क समजावून सांगतो.

"हाशिम, घरच्या मंडळींना तू त्यांच्या भाषेत सांगायचं," साहेब म्हणाले. "गुरुवारचं नीट पार पडू दे. शनिवारी सकाळी तुझं पत्र बघतो. संध्याकाळी आम्ही सुट्टीवर निघतोय."

माझं पत्र! लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यातले मोजून सत्तर दिवस मी बायकोबरोबर काढले होते. आतिका चिपळूणला, मी मुहर्रकमध्ये चौघांच्या खोलीत. फॅमिली व्हिसासाठी कंपनीचं पत्र लागतं, पत्रावर साहेबांची सही लागते, आणि ते पत्र दोन महिने साहेबांच्या ट्रेमध्ये हवा खात पडलं होतं. शनिवारी सही झाली नाही तर साहेब परत येईपर्यंत सहा आठवडे गेले. आतिकाचा ताजा निरोप असा होता, की आता पुढच्या सुट्टीत याल तेव्हा ओळख पटवायला पासपोर्ट घेऊन या.

मी कंबर कसली. डुकराचा एक तुकडाही टेबलावर दिसता कामा नये, असं साहेबांच्या बायकोला, किर्स्टनबाईंना, तीनदा बजावलं. तीस माणसं गोळा केली. गुरुवारी सगळ्यांच्या तासभर आधी बुसैतीनला साहेबांच्या बंगल्यावर हजर झालो. खुर्च्या लावल्या, पडदा टांगला, आणि जास्तीची खुर्ची शोधायला मागच्या अंगणात गेलो.

तिथे माझ्या काळजाचं पाणी झालं.

अंधार पडला होता. शमाल, म्हणजे इथला उत्तरेचा वारा, असा सुटला होता की मी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. आणि भिंतीपाशी एक भलीमोठी काळी बाबागाडी उभी. आसपास चिटपाखरू नाही. वाकून बघतो तर आत साहेबांचा चार महिन्यांचा मॅड्स! डोक्यात पातळ टोपी, गाल लाल, नाकाला हात लावला तर गार दगड.

आता तुम्हीच सांगा, काय समजायचं? मी समजलो की जेवणाच्या गडबडीत पोर बाहेर विसरलं. आरडाओरडा केला तर पाहुण्यांसमोर बाईंची अब्रू जाणार, साहेब भडकणार, कार्यक्रमाचा विचका होणार, आणि माझं पत्र ट्रेमध्येच म्हातारं होणार. त्यापेक्षा गुपचूप उचलावं आणि आत पाळण्यात नेऊन ठेवावं, कुणाला काही कळायला नको.

मी पोर उचललं, छातीशी धरलं, वळलो, आणि समोर खदिजा खाला. ही आमच्या स्टोअरकीपर इक्बालभाईंची बायको. सात नातवंडं हिने अंगाखांद्यावर वाढवली. बहारीनमधल्या सगळ्या कोकणी पोरांची ती खाला, म्हणजे मावशी, आणि तिच्यापुढे इक्बालभाईसुद्धा बोलत नाहीत. घर साहेबांच्या मागच्याच गल्लीत, म्हणून ती मागच्या फाटकातून आली होती.

"कोणाचा रे हा पोर?"

"साहेबांचा. बाहेर विसरले. खाला, हळू बोला."

तिने बाळाच्या तळपायाला हात लावला मात्र. "या अल्ला, पाय बघ याचे! थंडी शिरली छातीत. आण इकडे."

"खाला, आत पाळण्यात..."

"पाळण्यात ठेवून काय होतंय? शेकायला हवा याला. चूप रव."

आणि पोर पदराखाली घेऊन ती फाटकातून गेलीसुद्धा! मी मागे धावणार तोच आतून साहेबांची हाक आली, "हाशिम, पाहुणे आलेत, सुरू करू या." काय करतो? गाडीतली दुलई जरा फुगवून ठेवली आणि आत गेलो. खाला दहा मिनिटांत आणून देईल असा हिशेब होता.

दिवे बंद झाले. साहेब एकेक स्लाइड दाखवत होते आणि मी समजावत होतो. हे साहेबांचं गाव. ही वाळूची टेकडी, वाऱ्याने दरवर्षी थोडी सरकते. ही साहेबांची आई, सत्तर वर्षांची, सायकलवरून मासे आणायला चाललीय. हे मासे व्हिनेगर आणि साखरेत घालून कच्चेच खातात. इथे पहिला धक्का बसला. आमच्या बायकांमध्ये कुजबुज झाली, कारण तेच मासे बशीतून त्यांच्या हातात होते. पुढच्या स्लाइडमध्ये साहेबांचे वडील भर थंडीत बर्फाळ समुद्रात पोहायला उतरलेले, अंगावर जवळजवळ काही नाही. चार आयांनी आपापल्या मुलींचे डोळे झाकले. मी घाईने सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलंय त्यांना.

मग ती स्लाइड आली. बर्फ पडतोय, एक कॉफीचं दुकान आहे, आणि दुकानाबाहेर ओळीने सात-आठ काळ्या बाबागाड्या.

"सेल लागलाय वाटतं," शैलेंद्र दाते म्हणाले.

साहेबांचा चेहरा खुलला. "नाही, नाही! आत बाळं झोपली आहेत. आया दुकानात कॉफी पीत आहेत. आमच्याकडे बाळाला बाहेर गार हवेतच झोपवतात. मी असाच वाढलो. आमचा मॅड्ससुद्धा आत्ता मागच्या अंगणात झोपलाय."

मी मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. पहिल्या रांगेतून दात्यांच्या हेमावहिनी म्हणाल्या, "अहो मुकादम, सांगा ना, काय म्हणाले?"

"साहेब म्हणतात, गाड्या छान आहेत."

पण हेमावहिनींना इंग्रजी माझ्याहून चांगलं येतं. "बर्फात? तान्हं बाळ?" त्या ताडकन उभ्याच राहिल्या. हॉलमध्ये नुसता गोंगाट झाला. कुणी म्हणे, पोरं चोरीला जात नाहीत का? कुणी म्हणे, त्यांना सासवा नसतात का? साहेब हसत हात वर करून म्हणाले, "विश्वास नाही बसत? चला, दाखवतो."

"सर, तो दीपस्तंभ परत एकदा दाखवा ना," मी म्हणालो. "मंडळींना फार आवडला."

"नंतर. आधी मॅड्स."

तीस माणसं चवड्यांवर चालत मागच्या अंगणात निघाली. पुढे साहेब टॉर्च घेऊन, ओठांवर बोट ठेवून. मागे किर्स्टनबाई, अभिमानाने मान ताठ केलेल्या. सगळ्यात शेवटी मी, येतील तेवढ्या दुआ म्हणत. साहेबांनी हळूच दुलई उचलली.

गाडी रिकामी!

बाई पुढे झाल्या आणि रिकाम्या गाडीत दोन्ही हातांनी चाचपायला लागल्या. ते बघून मला माझी लाज वाटली. व्हिसा गेला उडत.

"मॅडम, बाळ सुखरूप आहे," मी म्हणालो. "मीच उचललं. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

साहेबांनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी आजही विसरलेलो नाही. "कुठे आहे?" एवढंच विचारलं. मी मागच्या गल्लीतलं खालाचं घर सांगितलं.

मग बुसैतीनच्या गल्लीतून वरात निघाली. पुढे किर्स्टनबाई अनवाणी धावतायत, मागे साहेब, मागे मी, मागे तीस माणसं आणि शेजारचे दोन अरब म्हातारे, काय झालं ते न कळता सामील झालेले. खालाच्या घराचं दार उघडंच होतं. घरभर ओव्याच्या धुरीचा वास. आणि दिवाणावर मॅड्स! अंग तेलाने चकाकतंय, डोक्याला कानटोपी, दोन्ही डोळ्यांत काजळ, गालावर हा एवढा काळा टिळा, आणि मूठभर लंगोटात गुंडाळलेला तो पोरगा चक्क घोरतोय.

खालाने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाशिम, विचार हिला, हिची आय नाही का जवळ?"

मी जीव मुठीत धरून विचारलं. किर्स्टनबाईंनी मान हलवली. नाही म्हणाल्या, आणि तिथेच दिवाणाच्या कडेला बसून रडायला लागल्या. चार महिन्यांत मॅड्स सलग दोन तास झोपला नव्हता, बाहेरही नाही आणि घरातही नाही, साहेबांना आपली परंपरा मोडायची नव्हती म्हणून त्या गप्प होत्या. खालाने त्यांच्या पाठीवरून तेलकट हात फिरवला. साहेब दारात टॉर्च चालू ठेवूनच उभे होते. मी घरी जाऊन बॅग भरायला घेतली.

शनिवारी केबिनमध्ये गेलो. साहेबांच्या पुढ्यात माझं पत्र होतं.

"न विचारता तू माझा मुलगा घराबाहेर जाऊ दिलास," ते म्हणाले. "डेन्मार्कमध्ये मी पोलीस बोलावले असते."

"बरोबर आहे, सर. माफ करा."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "मॅड्स अकरा तास झोपला. किर्स्टनही अकरा तास झोपली. मीसुद्धा." मग त्यांनी घसा साफ केला. "हे तेलाचं काम तुझ्या बायकोला येतं का? मिसेस खदिजा मार्चमध्ये गावी चालल्या आहेत, वर्षभरासाठी."

आता अशा वेळी माणूस काय बोलेल? मी म्हणालो, "सर, आमच्याकडे हे मुलींना शिकवावं लागत नाही."

त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

आतिकाला फोनवर सांगितलं. घरात ती एकुलती एक, वर कॉलेजात भूगोल शिकवणारी. "अहो," ती म्हणाली, "मी आजवर तान्हं मूल हातात धरलेलं नाही. मला भीती वाटते. व्हिसा पाठवा, मी येते. मालीश तुमचं तुम्ही बघा."

मग काय, खाला गावी जाईपर्यंत दर शुक्रवारी मी तिच्याकडे मालीश शिकलो. तिचा धाकटा नातू समोर पालथा घालायची आणि माझ्या हातावर चापट्या मारायची. "पोर आहे रे, बांगडा नाही."

आतिका येऊन आता दोन महिने झाले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं साहेबांकडे जातो. ती किर्स्टनबाईंबरोबर सोफ्यावर बसून कॉफी पिते, त्या तिला नकाशावर जटलंड दाखवतात, ती त्यांना चिपळूण दाखवते. तिच्या व्हिसावर 'हाउसवाइफ' असं छापलेलं आहे. मी बाथरूममध्ये बाह्या वर करून मॅड्सला तेल लावत असतो.