सासऱ्यांची रायफल आणि धोंडूकाका

सासऱ्यांची रायफल धोंडूकाकांना दाखवायची म्हणून मी ती आदल्या दिवशी पॉलिश पेपरने खसखसून घासली आणि वर व्हार्निशचे दोन हात दिले. मुलगी दाखवायची तर पावडर लावतातच की. काकांनी रायफल पाहिली, मग मला पाहिलं. "कोंबडी सोलून आणलीस काय रं?"

धोंडूकाका फौजेत रायफली दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर चौक गावी, हायवेवरच्या एका गॅरेजमागच्या खोलीत एकटे राहत. पंचक्रोशीत कुणाकडे जुनी रायफल निघाली की पारख त्यांची. आधी ते ती हुंगत, मग चष्मा कपाळावर ढकलून नंबर शोधत. नळीजवळ जो नंबर असतो तोच मागच्या बोल्टवर असावा लागतो. "नंबर बोलतो, माणूस नाय," म्हणत. हळूहळू ही खोड सगळीकडे पसरली. कपाची नक्षी एक आणि बशीची दुसरी असली, तर चहा परत. एका लग्नात नवरा-नवरीला निरखून त्यांनी "नंबर जुळत नाय" हा निकाल अक्षता पडायच्या आत दिला; तेव्हापासून लोक त्यांना थेट पंगतीलाच बोलावू लागले. खालापूरच्या एका जमीनदाराने हार घालून भिंतीवर लावलेली रायफल पाहून ते चारचौघांत म्हणाले, "शेठ, तीन म्हशींची एक म्हैस केलीय."

अशा माणसाकडे मी बायकोला घेऊन गेलो होतो. लढाईत हीच रायफल आपल्या खांद्यावर होती, असं सासरे पोशीरला घराच्या ओटीवर बसून आयुष्यभर सांगत आले. नळी रीतसर बुजवलेली, तरी रुबाब तोच. ते गेल्यावर मेहुणा म्हणाला, कुठल्या तरी लिलावातलं भंगार आहे, येत्या रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू. ही म्हणाली, आधी काकांना विचारू.

काकांनी हुंगली. व्हार्निशच्या वासाने शिंकले. नंबर पाहिले, पुन्हा पाहिले. मी हिच्या मागे उभा राहून डोळ्यांनी, हातांनी आणि शेवटी चक्क खोकून त्यांना खुणा करत होतो.

"बाय," ते हिला म्हणाले, "नळी एकीची, बोल्ट दुसरीचा. लाकूड कवायतीच्या रायफलीचं. ही लढाईला गेलेली नाय."

 कर्जतला घरी येईपर्यंत ही टेंपोत रायफल मांडीवर आडवी धरून बसली.

शनिवारी काका आमच्या दारात उभे. पिशवीतून त्यांनी रायफलीचा पट्टा काढला. खाकी, जाड विणीचा, पितळी टोकं लखलखीत. तो मी ओळखला. त्यांच्या खाटेच्या उशाशी खुंटीवर असायचा. ब्रह्मदेशात त्यांच्या खांद्यावर होता आणि फौज सोडताना त्यांनी तेवढाच बरोबर आणला होता. संध्याकाळी टोकं घासताना काका त्याच्याशी बोलतात, असं गॅरेजवाले हसत सांगत.

रायफल मागून घेऊन त्यांनी पट्टा चढवला, दोनदा ओढून पाहिला.

"रायफल खोटीच हाय," ते म्हणाले. "मी शब्द फिरवनार नाय. पन आता हिच्यावर एक वस्तू लढाईला जाऊन आलेली हाय. भावाला सांग गं बाय, भंगारात नाय द्यायची."

चहाला थांबले नाहीत. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून आलो, तेव्हा ही पट्ट्यावर हात ठेवून तशीच बसली होती.

"अहो," ती म्हणाली, "आता त्यांच्या खुंटीला काय राहिलं?"